सुलेखाबाईंची मराकेश मोहीम

र्युसेल्सहाइम गावात चष्मा लावणारा आणि सुलेखाबाई खांबेट्यांना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात त्यांनी एकोणतीस वर्षं काउंटर सांभाळला. एखादं गिऱ्हाईक भलतीच फ्रेम नाकावर चढवून आरशात स्वतःवर खूश व्हायचं. बाईंनी त्याला "वाईट दिसते" असं कधीही सांगितलं नाही. त्या हलकेच दुसरी फ्रेम त्याच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ती गाडी चालवताना राहू द्या. ही माणसांत जाताना." गिऱ्हाईक माणसांत जायची फ्रेम घालून बाहेर पडायचं, आणि पहिली गाडीच्या डिकीत कुठेतरी गडप व्हायची.

अशा बाई निवृत्त झाल्या आणि पंधरा दिवसांत त्यांचे गुडघे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा. गावच्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्यांसाठी काय वाट्टेल ते शिकवणाऱ्या शाळेत, पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग होता. बाईंनी ऑनलाइन अर्ज भरला. वर्गाचा नंबर टाकताना शेवटी दोनाऐवजी तीन पडला. चष्म्याच्या दुकानात जन्म घालवलेल्या बाईंनी त्या वेळी चष्मा लावला नव्हता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता बाई पोचल्या त्या आत पोहण्याचा पोशाख, वर स्वेटर आणि काखेत टॉवेल अशा थाटात. खोलीत सहा-सात माणसं बाकांवर बसली होती. भिंतीवर उत्तर आफ्रिकेचा पिवळा नकाशा होता आणि त्यापुढे एक उंच, कुरळ्या पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते.

"माफ करा," बाई दारातूनच म्हणाल्या, "पाणी कुठे आहे?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ते गृहस्थ टाळी वाजवून म्हणाले. "या देशाच्या इतिहासातला तोच तर मूळ प्रश्न आहे. या, बसा."

इतक्या कौतुकानं आजवर कुठल्याच शिक्षकानं बाईंना बसवलं नव्हतं. त्या बसल्या.

वर्ग होता मोरोक्कोच्या इतिहासाचा. शिकवणारे होते हेर अमझियान; हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. त्यांचे वडील साठ सालानंतर मोरोक्कोच्या रीफ डोंगरातून इथे कामगार म्हणून आले, मागून बायकोमुलं आली, आणि हा मुलगा पुढे शाळेत इतिहासाचा शिक्षक झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की या देशात आधी होते ते बर्बर आणि नंतर आले ते अरब. "पण बर्बर हे नाव आमचं नव्हे. आम्ही स्वतःला अमाझिग म्हणवतो. ज्यांना आमची भाषा म्हणजे नुसती बडबड वाटली, त्यांनी ते नाव ठेवलं."

सुलेखाबाईंचा हात वर गेला. "आमच्या मराठीत बर्बर म्हणजे रानटी, क्रूर."

सगळी डोकी बाईंकडे वळली. बाई घाईघाईनं म्हणाल्या, "मी नाही हो ठेवला तो शब्द. आधीपासून होता."

हेर अमझियान पोट धरून हसायला लागले. "म्हणजे आमची बदनामी थेट तुमच्या गावापर्यंत गेली होती! तीही व्हिसाशिवाय!"

दीड तास बाई त्या पोशाखात, वर दोन रेडिएटर तापलेले, अशा बसून राहिल्या. घरी आल्या तेव्हा घामाने चिंब होत्या.

"बराच व्यायाम झालेला दिसतो," श्रीरंगराव म्हणाले. श्रीरंगराव म्हणजे बाईंचे यजमान. त्यांनी गाड्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं दरवाजांच्या बिजागऱ्या सुधारल्या होत्या, आणि त्या नादात तोंड उघडण्याची सवय बरीच कमी केली होती.

"अहो, व्यायाम कसला? मी आठव्या शतकात होते."

"असं," श्रीरंगराव म्हणाले आणि त्यांनी बटाट्याची भाजी गरम करायला ठेवली.

व्यायामाच्या वर्गाला नाव बदलून घेणं सहज जमलं असतं. बाईंनी पुढच्या गुरुवारी बदलू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. कारण दुसऱ्या गुरुवारी इद्रिस आला. हा अरब सरदार मक्केजवळच्या लढाईत हरून, खलिफाच्या माणसांना चुकवत, एका विश्वासू सेवकाला घेऊन पार आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला पोचला. तिथल्या बर्बर टोळीनं त्याला आसरा दिला, नेता मानलं, आपली मुलगी कन्झा दिली. पुढे खलिफाच्या माणसानं त्याला विष घालून मारलं. तेव्हा कन्झा गरोदर होती. टोळीनं ठरवलं, थांबू. मुलगा झाला, तोच राजा.

"म्हणजे अहो, विचार करा," बाई रात्रीच्या जेवणाला श्रीरंगरावांना सांगत होत्या, "राज्य कोणाचं, तर अजून जन्माला यायच्या बाळाचं. आणि घराणं अरबाचं असलं तरी माहेर, माणसं, जमीन सगळं बायकोचं. हा इद्रिस म्हणजे चक्क घरजावई!"

हा विचार त्यांनी पुढच्या तासाला मांडला. जर्मनमध्ये घरजावयाला शब्द नाही, म्हणून समजवायला सहा मिनिटं लागली. हेर अमझियान इतके खूश झाले की त्यांनी बाईंना फळ्यावर तो शब्द देवनागरीत लिहायला लावला. वर्गातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तो वहीत उतरवून घेतला आणि शेजारी स्वतःच्या जावयाचं नाव लिहिलं.

आता इथे मंडळाची हकिकत सांगायला हवी, कारण बाईंचं खरं दुखणं गुडघ्यात नव्हतं, मंडळात होतं.

माइनकाठ मराठी मंडळ शशिधर गुळवणींनी स्वतःच्या तळघरात सुरू केलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली. सुलेखाबाई लग्न होऊन नव्यानं इथे आल्या तेव्हा विमानतळावर घ्यायला शशिधर आणि त्यांची बायको मालिनीच आली होती. बाईंना पहिला जाड कोट मालिनीवहिनींनी दिला. त्यामुळे शशिधरभाऊजींचा शब्द बाईंनी कधी मोडला नाही. आणि भाऊजींचे शब्द पुष्कळ असायचे. अध्यक्षीय भाषण पंचावन्न मिनिटांचं. "सुजाण, सुसंस्कृत, सुहृद सभासदहो" अशी सुरुवात झाली की माणसं कोटाच्या खिशात शेंगदाणे चाचपायला लागायची. भाषण संपेपर्यंत पुरणपोळ्यांचे पापड झालेले असायचे.

मागच्या वर्षी शशिधरभाऊजी नवे दात बसवायला मालिनीवहिनींना घेऊन पुण्याला गेले. दोन महिन्यांचं काम म्हणून गेले, पण हाड भरायला वेळ लागला, मग दात यायला, मग ते दात काढून दुसरे यायला. असं करता करता वर्ष झालं. जाताना मंडळाच्या कपाटाची किल्ली त्यांनी सुलेखाबाईंकडे दिली. "फक्त सांभाळ हो," म्हणाले.

बाईंनी सांभाळलं. त्यांनी भाषण ठेवलं नाही, कारण भाषण करायला अध्यक्षच नव्हते. कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायला लागले. जेवण गरम मिळायला लागलं. ही बातमी माइन नदीच्या दोन्ही काठांवर पसरली. डार्मश्टाटमध्ये डॉक्टरेट करणारी उर्जा आधी एकटी यायची, ती आता अख्खी प्रयोगशाळा घेऊन यायला लागली. चाळीस कुटुंबांची शंभर झाली. जो तो बाईंना म्हणायचा, "आता तुम्हीच राहा अध्यक्ष." बाई म्हणायच्या, "छे छे, मी नुसती किल्ली सांभाळतेय."

आणि मार्चमध्ये ग्रुपवर भाऊजींचा निरोप आला. "पुढच्या शुक्रवारी परत येत आहे. पाडव्याच्या समारंभाची सूत्रे स्वीकारीन."

खाली नमस्काराच्या चिन्हांची रांग लागली. खाजगीत मात्र बाईंचा फोन तापला. उर्जा म्हणाली, "काकू, माझी प्रोफेसर येणारे पाडव्याला. पंचावन्न मिनिटं मराठी भाषण ऐकलं तर ती माझा प्रबंध नाकारेल." कोणी म्हणालं निवडणूक घ्या. पण मंडळ रजिस्टर केलेलं फेराइन, म्हणजे कायदेशीर संस्था, निवडणुकीला चार आठवडे आधी लेखी नोटीस लागते. कोणी म्हणालं स्पष्ट सांगून टाका.

बाईंना ते जमेना. ज्या माणसानं आपल्याला विमानतळावर घ्यायला यावं, त्याला आपण काय सांगायचं? शिवाय मनात खोल कुठेतरी एक खरी गोष्ट टोचत होती. किल्ली परत द्यावीशी त्यांना वाटत नव्हती. या वयात आपल्याला एखाद्या गोष्टीचा लोभ सुटला, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. श्रीरंगरावांनी ती निमूट खाल्ली.

गुरुवारी वर्गात बाईंचं लक्ष नव्हतं. हेर अमझियान अकराव्या शतकात होते. सहारातून निघालेल्या बर्बर टोळ्यांचा अबू बक्र नावाचा पुढारी होता. त्यानं मराकेश शहराची पायाभरणी केली, आणि तेवढ्यात वाळवंटात भांडण उपटलं. ते मिटवायला तो निघाला. जाताना राज्य चुलतभाऊ युसुफकडे सोपवलं. बायको झैनब मोठी हुशार, पण वाळवंटातले हाल तिला सोसायचे नाहीत, म्हणून तिला सोडचिठ्ठी दिली आणि तू युसुफशी लग्न कर म्हणाला.

"किल्लीच दिली म्हणा की," सुलेखाबाई पुटपुटल्या.

"युसुफनं राज्य इतकं छान चालवलं," हेर अमझियान सांगत होते, "की वर्षभरात ते दुप्पट झालं. आणि मग निरोप आला, अबू बक्र परत येतोय."

बाई ताठ बसल्या.

"युसुफ गडबडला. भावाशी लढायचं कसं? झैनब म्हणाली, लढायचं मुळीच नाही. तू मोठी फौज घेऊन त्याला सामोरा जा. मात्र घोड्यावरून उतरू नकोस. आणि नजराणे एवढे ने, एवढे ने, की वाळवंटात त्याला कशाची म्हणून वाण पडू नये. जुन्या बखरीत असंच लिहिलंय. युसुफ गेला. अबू बक्रनं विचारलं, एवढी फौज कशाला? युसुफ म्हणाला, मदतीला. अबू बक्रनं सोनं बघितलं, घोडे बघितले, फेटे, शाली, अत्तरं बघितली. शहाणा माणूस. म्हणाला, भाऊ, राज्य तूच सांभाळ. आणि सगळं घेऊन वाळवंटात परत गेला. पुढे कित्येक वर्षं युसुफनं नाणी मात्र अबू बक्रच्याच नावानं पाडली."

सुलेखाबाईंचा हात वर गेला. "हे कोणी वापरलं तर चालतं का? की याला परवानगी लागते?"

"तुम्हाला कुठलं राज्य घ्यायचंय?" हेर अमझियाननी विचारलं.

"छोटंसं आहे," बाई म्हणाल्या. "रजिस्टर केलेलं."

घरी येऊन बाईंनी सगळं श्रीरंगरावांपुढे मांडलं. श्रीरंगरावांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मराकेशला पाण्याची सोय काय होती?"

"अहो, भुयारी कालवे होते. ते सोडा! नजराणा काय द्यायचा ते सांगा."

श्रीरंगराव म्हणाले, "भाऊजींना बोलायला आवडतं."

बाईंच्या डोळ्यांपुढे दुसरी फ्रेम लखलखली. पॉडकास्ट! भाऊजींनी घरी बसून हवं तेवढं बोलावं आणि लोकांनी हवं तेव्हा ऐकावं. किंवा न ऐकावं. उर्जानं उत्तमातला माइक, कानाला लावायचा हेडफोन आणि 'संस्थापकांच्या आठवणी' असं नाव लिहिलेली रंगीत पाटी तयार केली. त्यावर शाल, श्रीफळ, कोल्हापुरी फेटा, अत्तराची कुपी. मंडळाच्या पत्रावर सगळ्यात वर भाऊजींचं नाव छापलं: संस्थापक. नाण्यांचं काम त्यानं भागलं.

ठरलेल्या शुक्रवारी दुपारी फ्रांकफुर्ट विमानतळावर फौज जमली. बेचाळीस माणसं, त्यांतली दहा लेझीमवाली. दोन पोलिस चौकशीला आले. हे निदर्शन आहे का, त्यांनी विचारलं. उर्जानं सांगितलं, स्वागत आहे. पोलिसांनी लेझीम हातात घेऊन पाहिली, वाजवली आणि जपून परत केली.

विमान उतरलं. लोक बाहेर यायला लागले. गुळवणी काही येईनात. अर्धा तास झाला, एक तास झाला. सुलेखाबाईंच्या गुडघ्यांनी शेवटी संप पुकारला. श्रीरंगरावांनी एक सामानाची ट्रॉली ओढून आणली, त्यावर आपला कोट घडी करून ठेवला आणि बाईंना वर बसवलं.

आणि नेमकं तेव्हाच काचेचं दार सरकलं. शशिधरभाऊजी आणि मालिनीवहिनी बाहेर आले. लेझीम खणाणली. भाऊजींनी समोर बेचाळीस माणसं पाहिली आणि जागीच थबकले. बाई उठायला गेल्या तर गुडघे हलेनात. श्रीरंगरावांना वाटलं पुढे न्यायचंय, म्हणून त्यांनी ट्रॉली ढकलली. असा सगळा जुळून आलेला योग, की सुलेखाबाई वाहनावरून न उतरता, फौजेसह, हातात माइक घेऊन सामोऱ्या गेल्या.

"एवढी माणसं कशाला?" भाऊजींनी तोंडावर हात ठेवून विचारलं.

"मदतीला," बाई म्हणाल्या, कारण तेच ठरलं होतं. आणि त्यांनी माइक पुढे केला. "भाऊजी, हा तुमच्यासाठी."

माइक पाहून भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते दोन पावलं मागे सरकले आणि मालिनीवहिनींच्या आड जाऊन उभे राहिले.

सुलेखाबाईंना वाटलं, खेळी उघडी पडली. शहाण्या माणसाला इतक्या लवकर कळलं? आणि एवढं लागलं? त्यांना तिथल्या तिथे रडू फुटलं. "चुकलं माझं, भाऊजी. ही किल्ली घ्या. मला तुमचं काही नको," असं म्हणत त्या पर्स उपसायला लागल्या. रुमाल निघाला, चष्मे तीन निघाले, किल्ली निघेना.

"अगं सुलेखा, थांब," मालिनीवहिनी म्हणाल्या. "किल्लीचं नंतर बघू. तू आधी तो माइक लांब कर. ते घाबरतात."

"माइकला? भाऊजी?"

"बोला हो," मालिनीवहिनींनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "कधीतरी कळणारच आहे."

शशिधरभाऊजींनी खोल श्वास घेतला. "सुजाण," ते म्हणाले, "सुसंस्कृत सभासदहो."

पण ऐकू आलं ते वेगळंच. प्रत्येक 'स'ला त्यांच्या नव्याकोऱ्या दातांतून बारीक, स्वच्छ, लांबलचक शीळ निघत होती. लेझीमवाले हादरले. पलीकडच्या रांगेत एका म्हातारीच्या पिशवीतलं कुत्रं डोकं बाहेर काढून बघायला लागलं.

"आत हेच झालं," मालिनीवहिनी सांगू लागल्या. "कस्टमवाल्यानं विचारलं काही जाहीर करायचंय का. हे म्हणाले, निश्ट्स, म्हणजे काही नाही. आणि त्या माणसाचं ते तपासणीचं कुत्रं येऊन यांच्यापुढे शेपूट हलवत बसलं. उठवलं तरी उठेना! मग काय, चारी बॅगा उघडल्या. मेतकुटाची पुडी तर तिघांनी हुंगली. तास गेला त्यात."

हसायचं की नाही हे कोणालाच कळेना. शेवटी भाऊजी स्वतःच हसले, आणि हसतानाही बारीक शीळ आली, तेव्हा कोणालाच राहवलं नाही.

"डॉक्टर म्हणतात, सहा-आठ महिन्यांत बसतील," भाऊजी म्हणाले. आता 'स' आला की ते तो हळूच गिळत होते. "विमानात मला झोप नाही. पाडव्याला उभं कसं राहायचं? तुला कसं सांगायचं, की यंदा तूच बघ? मी निरोप टाकला खरा, पण तो आपला जुन्या सवयीनं. आणि इथे बघतो तर तू माइक घेऊनच पुढ्यात."

"मग किल्ली?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"राहू दे तुझ्याकडेच. पण पाटीवर ते काय लिहिलंय? संस्थापक?" त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा, शिळेसकट, चाखून पाहिला. "हे मात्र छान आहे. हे ठेव."

त्यांनी फेटा तिथेच बांधून घेतला, शाल पांघरली, अत्तर लावलं. माइक सोडून सगळा नजराणा त्यांनी स्वीकारला.

पाडव्याचा समारंभ वेळेवर सुरू झाला. भाऊजी फेटा घालून पहिल्या रांगेत बसले आणि श्रीखंड वाढायला स्वतः उठले. तीस वर्षांत आपल्या सभासदांना त्यांनी एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. कोणाला किती गोड चालतं, कोणाची मुलगी कुठे शिकते, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. "ऐकायलाही मजा येते गं," असं ते सुलेखाबाईंच्या कानात म्हणाले, आणि उर्जाच्या प्रोफेसरबाईंना त्यांनी तिसऱ्यांदा श्रीखंड वाढलं. जूनमध्ये रीतसर नोटीस काढून निवडणूक झाली. सुलेखाबाई अध्यक्ष झाल्या. त्यांचं नाव भाऊजींनी हात वर करून सुचवलं, तोंड न उघडता.

त्या पाडव्याला हेर अमझियानही आले होते. बाईंनी त्यांना विमानतळाची सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ते इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. त्यांनी सोबत आपल्या आईला आणलं होतं. ब्याऐंशी वर्षांची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली ही बाई तिच्या डोंगरातली भाषा बोलायची आणि जर्मन अगदी तुटकं. तिनं श्रीखंडाचा एक चमचा खाल्ला, डोळे मिटले, मग सुलेखाबाईंचा हात धरून विचारलं, "तू इथे किती वर्षं?"

"छत्तीस," बाई म्हणाल्या.

"मी पन्नास," म्हातारी म्हणाली. "आले तेव्हा बहिणीला सांगितलं होतं, दोन वर्षांत परत येते." तिनं खांदे उडवले, इकडे तिकडे पाहिलं आणि श्रीखंडाची आख्खी वाटी कागदी रुमालात गुंडाळून सावकाश आपल्या पर्समध्ये ठेवली. सुलेखाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी शेजारची दुसरी वाटी उचलून तिच्यापुढे सरकवली.